शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यात यूव्हीबी प्रकाशाची योग्य मांडणी

शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, पाळणाऱ्याने सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की करावी, ती अशी की यूव्हीबी हे अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत. पिंजऱ्यावरची ट्यूब लख्ख उजळलेली असते, पाने हिरवीगार दिसत असतात, प्राणीही रंगाने टवटवीत वाटत असतो, आणि तरीही त्याच्या पाठीवर पडणाऱ्या यूव्हीबीची मात्रा जवळजवळ शून्य असू शकते किंवा त्याचे डोळे दुखावतील इतकी जास्तही असू शकते. त्यामुळे दिवा विकत आणून जाळीवर ठेवला म्हणजे काम संपले असे मानता येत नाही. ऊन खायला फांदीवर बसलेल्या प्राण्याच्या पाठीपर्यंत नेमके किती यूव्हीबी पोहोचते, हा खरा प्रश्न आहे. दिव्याची कंपनी, त्याचे वॅट, त्यावर छापलेली टक्केवारी, जाळीची वीण आणि फांदीचे अंतर या सगळ्यांचा विचार त्या एकाच प्रश्नाच्या संदर्भात करावा लागतो.

हे किरण कशासाठी लागतात

अतिनील किरणांमधील साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्याला यूव्हीबी म्हणतात. हे किरण त्वचेवर पडले की तेथील ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल या द्रव्यापासून ड-३ जीवनसत्त्वाचे पूर्वरूप तयार होते आणि शरीराच्या उबेने त्याचे हळूहळू ड-३ जीवनसत्त्वात रूपांतर होते. पुढे यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्यावर प्रक्रिया होऊन जे क्रियाशील संप्रेरक बनते, त्याच्याच जोरावर आतडी अन्नातील कॅल्शियम शोषून घेतात. ही साखळी तुटली तर पोटात कितीही कॅल्शियम गेले तरी ते रक्तात पुरेसे उतरत नाही, आणि रक्तातील पातळी टिकवण्यासाठी शरीर हाडांमधले कॅल्शियम काढून वापरू लागते. हाडे मऊ पडून वाकण्याचा जो विकार पाळीव शॅमेलिऑनमध्ये वारंवार आढळतो, तो बहुतेक वेळा याच मार्गाने आलेला असतो.

या प्रक्रियेतील दोन बारकावे मांडणीच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहेत. पहिला असा की त्यात उबेचाही वाटा असतो, म्हणून यूव्हीबीचा दिवा एका कोपऱ्यात आणि उष्णतेचा दिवा दुसऱ्या कोपऱ्यात अशी मांडणी चुकीची ठरते. दुसरा असा की त्वचेत तयार होणारे पूर्वरूप गरजेपेक्षा जास्त झाले तर तेच किरण त्याचे निरुपयोगी द्रव्यांत रूपांतर करतात. त्यामुळे प्रकाशातून ड-३ जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही, पण तोंडावाटे दिलेल्या जीवनसत्त्वाच्या पुडीतून मात्र तो होऊ शकतो. अर्थात, प्रकाशाचा अतिरेक निर्धोक आहे असा याचा अर्थ नाही, कारण त्वचा आणि डोळे भाजण्याचा धोका वेगळा असतो आणि तो खरा असतो.

पँथर शॅमेलिऑनवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की आहारातून मिळणाऱ्या ड-३ जीवनसत्त्वाच्या प्रमाणानुसार हे प्राणी अतिनील किरणांमध्ये किती वेळ थांबायचे ते स्वतःच्या वर्तनातून ठरवतात. मला ही बाब संपूर्ण मांडणीचा पाया वाटते. आपण पिंजऱ्यात भरपूर, मध्यम आणि जवळजवळ शून्य यूव्हीबी असे तिन्ही प्रकारचे भाग उपलब्ध करून दिले, तर उरलेला निर्णय प्राणी आपल्यापेक्षा अधिक अचूकपणे घेतो. सगळा पिंजरा एकसारखा उजळून टाकणे आणि सगळा अंधारा ठेवणे या दोन्ही गोष्टी त्याच्याकडून हा अधिकार काढून घेतात.

दिवा निवडताना

आजच्या घडीला शॅमेलिऑनसाठी टी५ एचओ ('हाय आउटपुट', म्हणजे जास्त शक्तीच्या) प्रकारची सरळ, लांब ट्यूब हा सर्वांत भरवशाचा पर्याय आहे. तिचा व्यास १६ मिलिमीटर असतो आणि तिचा प्रकाश लांबट पट्ट्यात पसरत असल्यामुळे डोक्यापासून शेपटीपर्यंत प्राण्याचे सगळे अंग त्यात येते. जुनी टी८ ट्यूब २६ मिलिमीटर जाड असते आणि तिची तीव्रता बरीच कमी असते, त्यामुळे फांदी फारच जवळ आणावी लागते. पिळाच्या आकाराचा छोटा सीएफएल दिवा दुकानात सहज मिळतो आणि बऱ्याचदा पिंजऱ्याच्या संचासोबतच येतो, परंतु त्याचा उपयुक्त प्रकाश छोट्याशा जागेत एकवटलेला असतो आणि काही सेंटिमीटर दूर गेले की तो झपाट्याने घटतो. उभ्या, उंच पिंजऱ्यात राहणाऱ्या आणि फांद्यांवरून सतत जागा बदलणाऱ्या प्राण्यासाठी मी तो सुचवणार नाही. उष्णता आणि यूव्हीबी एकत्र देणारा मर्क्युरी व्हेपर दिवा मोठ्या आणि मोकळ्या जागेसाठी उपयोगी पडत असला, तरी नेहमीच्या आकाराच्या पिंजऱ्यात तो फार तापतो, त्याचा झोत अरुंद असतो आणि त्याला डिमर लावता येत नाही, म्हणून तोही बाजूला ठेवावा. एलईडी यूव्हीबी दिवे आता मिळू लागले आहेत, पण त्यांचा वर्णपट अनेकदा अरुंद असतो. यूव्हीबी मोजणाऱ्या मीटरने मोजून आणि दिव्याच्या वर्णपटाची माहिती तपासूनच त्यांचा विचार करावा, आणि पहिलाच पिंजरा मांडणाऱ्याने ट्यूबच घ्यावी हे बरे.

येथे एक कडक सूचना देणे आवश्यक आहे. पाणी किंवा खोली निर्जंतुक करण्यासाठी विकली जाणारी 'यूव्ही ट्यूब' यूव्हीसी हे यूव्हीबीहून आखूड तरंगलांबीचे किरण सोडते आणि ती कोणत्याही जिवंत प्राण्याच्या डोळ्यांना व त्वचेला गंभीर इजा करते. ती शॅमेलिऑनच्या पिंजऱ्याजवळ आणायचीच नाही. याउलट रोपे वाढवण्याचे 'फुल स्पेक्ट्रम' दिवे, साधे एलईडी, नखांच्या जेलसाठीचे किंवा नोटा तपासण्याचे जांभळे दिवे यांतून उपयोगी पडेल असे यूव्हीबी मिळत नाही. खोक्यावर 'यूव्हीबी' असा स्पष्ट उल्लेख असलेला आणि सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीच बनवलेला दिवाच घ्यावा.

ट्यूबवर ५.०, ६%, १०.०, १२% असे आकडे छापलेले असतात. त्या दिव्याच्या प्रकाशात यूव्हीबीचा वाटा साधारण किती आहे हे त्यावरून कळते, प्राण्याला किती मात्रा मिळेल हे कळत नाही. एकाच आकड्याची टी८ आणि टी५ एचओ ट्यूब एकाच अंतरावर अगदी वेगळी मात्रा देतात. नेहमीच्या उंचीच्या, वरून जाळी असलेल्या पिंजऱ्यासाठी आर्केडियाची ६% किंवा झू मेडची ५.० ही टी५ एचओ ट्यूब सोयीची पडते. १२% किंवा १०.० ची ट्यूब लावायची असेल तर ती जाळीपासून वर टांगावी लागते किंवा फांदी बरीच खाली न्यावी लागते, अन्यथा जाळीला लटकणारा प्राणी अति तीव्र किरणांत सापडतो.

पट्टी, चोक आणि रिफ्लेक्टर

ट्यूबइतकेच लक्ष तिच्या पट्टीकडे, म्हणजे ती ज्यात बसवतात त्या फिटिंगकडे, द्यावे लागते, आणि नेमके येथेच अनेकांची फसगत होते. २४ वॅटची टी५ एचओ ट्यूब सुमारे ५५ सेंटिमीटर लांब असते, पण घरगुती वापराची १४ वॅटची साधी टी५ ट्यूबही तेवढ्याच लांबीची असते. ३९ वॅटची एचओ ट्यूब आणि २१ वॅटची साधी ट्यूब, तसेच ५४ वॅटची एचओ आणि २८ वॅटची साधी ट्यूब, यांच्याही लांबी जुळतात. त्यामुळे एचओ ट्यूब साध्या पट्टीत बिनबोभाट बसते, पेटतेही, परंतु त्या पट्टीतला चोक तिला पूर्ण शक्ती पुरवत नाही आणि यूव्हीबी अपेक्षेपेक्षा खूपच कमी मिळते. पट्टीवर 'टी५ एचओ' आणि ट्यूबचाच वॅट लिहिलेला आहे याची खात्री खरेदीच्या वेळीच करावी.

ट्यूबच्या मागे चकचकीत ॲल्युमिनियमचा वळणदार रिफ्लेक्टर असेल तर वर आणि बाजूंना वाया जाणारा प्रकाशही खाली वळतो आणि फांदीवरची मात्रा चांगलीच वाढते. पांढऱ्या रंगाचा सपाट पत्रा हे काम तितके करत नाही. काही पट्ट्यांना खालून पारदर्शक प्लास्टिकचे झाकण असते. ते दिसायला स्वच्छ वाटले तरी बहुतेक यूव्हीबी अडवते, म्हणून ते काढूनच पट्टी वापरावी. काच आणि ॲक्रिलिक यांच्या बाबतीतही हेच लागू होते. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन ऊब देते, उजेड देते, पण यूव्हीबीच्या हिशेबात ते धरता येत नाही. पिंजऱ्याचे वरचे झाकण काचेचे असेल तर त्यावर ठेवलेला उत्तमातला उत्तम दिवाही निरुपयोगी ठरतो.

आधी फांद्या, मग दिवा

पिंजरा मांडताना दिवा आधी लावून मग त्याखाली जमेल तशा फांद्या खोचण्याची पद्धत सोडून द्यावी. प्रौढ व्हेल्ड किंवा पँथर शॅमेलिऑनसाठी साधारण ६० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच जाळीचा पिंजरा वापरतात. त्याच्या वरच्या भागात प्राण्याच्या पकडीत नीट बसेल इतक्या जाडीची एक आडवी फांदी पक्की बांधावी. हीच त्याची ऊन खायची फांदी. तिच्यावर तो पूर्ण लांबीने बसू शकला पाहिजे आणि तिच्यावरून दोन्ही बाजूंनी खाली उतरायला दुसऱ्या फांद्या असल्या पाहिजेत. फांदी जाळीपासून किती खाली हे पुढे मोजमापानंतर ठरणार असल्याने सुरुवातीला ती वरखाली सरकवता येईल अशीच बांधावी.

मनी प्लांट, शेफ्लेरा, जास्वंद किंवा फायकस यांसारखी दाट पानांची झाडे पिंजऱ्याच्या मधल्या आणि खालच्या भागात ठेवावीत. त्यांचे काम केवळ सजावटीचे किंवा दमटपणा राखण्याचे नसते. पानांचा एक-दोन थरांचा आडोसा असला की त्याखालची मात्रा जवळजवळ शून्यावर येते, आणि प्राण्याला अंग काढून घ्यायला जागा मिळते. ऊन खायच्या फांदीच्या एका टोकालाही थोडी पाने असू द्यावीत, म्हणजे प्राण्याला अर्धे अंग प्रकाशात आणि अर्धे सावलीत ठेवता येते.

मात्रा किती असावी आणि ती कशी मोजावी

यूव्हीबीच्या मोजमापासाठी हवामानाच्या अंदाजात सांगितला जाणारा यूव्ही निर्देशांकच वापरला जातो. संशोधक गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोकळ्या निसर्गातील सरडे आणि साप प्रत्यक्षात किती निर्देशांकात वावरतात हे मोजले आणि २०१० साली त्यांची चार गटांत विभागणी केली. दाट सावलीत राहणारे प्राणी पहिल्या गटात येतात, तर भर उन्हात वावरणारे चौथ्या गटात येतात. ब्रिटिश पशुवैद्य फ्रान्सिस बेन्स आणि इतरांनी २०१६ मध्ये हीच पद्धत शेकडो प्रजातींना लावून दाखवली. व्हेल्ड आणि पँथर या नेहमी पाळल्या जाणाऱ्या शॅमेलिऑनसाठी ऊन खायच्या फांदीवर सुमारे ३ निर्देशांक हे उद्दिष्ट अनुभवी पाळणाऱ्यांमध्ये रूढ आहे. जॅक्सन्स शॅमेलिऑनसाठीही साधारण हाच आकडा धरतात, फक्त त्याला उष्णता कमी लागते. जंगलाच्या तळाशी पालापाचोळ्यात राहणाऱ्या ब्रुकेसिया किंवा रॅम्फोलिऑन यांसारख्या बुटक्या शॅमेलिऑनची गरज मात्र याहून खूपच कमी असते, आणि त्यांच्यासाठी हीच मांडणी जशीच्या तशी वापरणे घातक ठरेल.

मोजण्यासाठी सोलरमीटर ६.५ किंवा त्याची सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची आवृत्ती ६.५आर हे मीटर वापरतात. मीटर महाग असते हे खरे, पण एखाद्या प्राणिमित्र गटाने मिळून एक घेतले तरी सर्वांचे काम भागते, आणि माझ्या मते दुसरा दिवा घेण्यापेक्षा तो पैसा मीटरवर खर्च करणे शहाणपणाचे आहे. रंग बदलणारी स्वस्त कार्डे यूव्हीए या जास्त तरंगलांबीच्या अतिनील किरणांनाही प्रतिसाद देतात, त्यामुळे त्यांच्यावरून यूव्हीबीची मात्रा ठरवता येत नाही.

मोजताना पुढील क्रम पाळावा. ट्यूब पेटवून किमान अर्धा तास थांबावे, कारण ती तापून स्थिर होईपर्यंत आकडा बदलत राहतो. ट्यूब अगदी नवी असेल तर पहिले सुमारे १०० तास तिची तीव्रता नेहमीपेक्षा जास्त असते, म्हणून तेवढा वापर झाल्यावर पुन्हा एकदा मोजावे. प्राण्याला दुसरीकडे हलवून मीटर पिंजऱ्याच्या आत, जाळीच्या खाली धरावे आणि मीटरचा डोळा (सेन्सर) वर ट्यूबकडे रोखावा. येथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे मीटर फांदीला टेकवून घेतलेला आकडा खरा मानणे. प्राणी फांदीवर बसतो तेव्हा त्याची पाठ फांदीच्या कितीतरी वर असते, आणि प्रौढ व्हेल्ड नराच्या डोक्यावरचा तुरा तर एकटाच सुमारे ५ सेंटिमीटर उंच वाढू शकतो. म्हणून प्राणी तेथे बसलेला असताना त्याची पाठ कुठवर येते हे आधी पाहून ठेवावे, जाळीवर बाहेरून त्या उंचीची खूण करावी आणि मीटरचा डोळा नेमका त्या उंचीवर धरावा. पाठीच्या उंचीवर ३ च्या आसपास आकडा मिळाला की फांदी पक्की करावी. त्यानंतर तुऱ्याच्या उंचीवर, फांदीच्या दोन्ही टोकांवर, मधल्या फांद्यांवर आणि पानांच्या आडही आकडे घ्यावेत आणि ते एका कागदावर पिंजऱ्याचा आराखडा काढून त्यावर लिहावेत. वर ३, मध्ये १ ते २ आणि पानांखाली जवळजवळ शून्य असा उतार त्या कागदावर दिसला म्हणजे मांडणी जमली.

जाळी किती किरण अडवते हेही याच वेळी कळते. एकाच अंतरावर जाळीशिवाय ४.५ आणि जाळीसह ३ असा आकडा आला, तर ती जाळी एक तृतीयांश किरण अडवत आहे असे समजावे. बारीक विणीची, काळी, जाड तारेची जाळी याहूनही जास्त अडवते, आणि म्हणूनच दुसऱ्याच्या पिंजऱ्यातले अंतर आपल्या पिंजऱ्यात जसेच्या तसे लागू पडत नाही.

शॅमेलिऑन बऱ्याचदा जाळीच्या छताला उलटे लटकतात, विशेषतः लहान पिल्ले. म्हणून जाळीला लागून ट्यूबच्या अगदी खाली निर्देशांक किती आहे तेही पाहावे. प्राणी तेथून सहज ये-जा करत असेल तर काळजीचे कारण नाही, पण तो तासन्‌तास तेथेच बसू लागला तर पट्टी काही सेंटिमीटर वर टांगून फांदीही त्या प्रमाणात वर न्यावी, किंवा त्या भागात चढायला मदत करणाऱ्या फांद्या काढून टाकाव्यात.

मीटर नसेल तर सावध बाजूने चालावे. चांगल्या रिफ्लेक्टरसह ६% किंवा ५.० ची एकच टी५ एचओ ट्यूब जाळीवर ठेवली असेल, तर प्राण्याची पाठ ट्यूबपासून साधारण १५ ते २३ सेंटिमीटरवर येईल अशी फांदी बांधून सुरुवात करावी, सावलीची सोय दुप्पट ठेवावी आणि शक्य तितक्या लवकर कोणाचे तरी मीटर आणून खात्री करून घ्यावी. दोन यूव्हीबी ट्यूब शेजारी-शेजारी लावल्यास हे अंतर लागू होत नाही.

उष्णतेचा दिवा कुठे असावा

यूव्हीबीची ट्यूब फारशी ऊब देत नाही, त्यामुळे सकाळी अंग तापवण्यासाठी साधा पिवळा बल्ब किंवा हॅलोजन दिवा वेगळा लागतो. तो ट्यूबच्या अगदी शेजारी, त्याच फांदीच्या डोक्यावर असावा. प्रौढ व्हेल्ड नरासाठी त्या जागी २९ ते ३२ अंश सेल्सियस तापमान पुरते, तर माद्यांसाठी, पिल्लांसाठी आणि जॅक्सन्ससाठी २७ ते २९ अंश पुरे होते. तापमानही पाठीच्याच उंचीवर, तारेच्या टोकाला सेन्सर असलेल्या थर्मामीटरने मोजावे. हा दिवा थेट जाळीवर टेकवून ठेवू नये, कारण जाळी तापते आणि तिला लटकणाऱ्या किंवा पाठ घासणाऱ्या प्राण्याच्या त्वचेला भाजते. शॅमेलिऑन अंग भाजत असतानाही वेळेवर हलेलच याचा भरवसा नसतो.

मांडणी बरोबर असेल तर सकाळी दिसणारे दृश्य असे असते. दिवे लागल्यावर थोड्या वेळाने प्राणी वरच्या फांदीवर येतो, अंग दोन्ही बाजूंनी दाबून पानासारखे चपटे करतो आणि रुंद बाजू दिव्याकडे वळवतो. त्या बाजूचा रंग गडद होतो, दुसरी बाजू मात्र फिकटच राहते. अंग पुरेसे तापले की रंग उजळतो, तो फांदीवरून उतरतो आणि पानांत शिरून शिकारीला किंवा पाणी प्यायला लागतो. दुपारी तो बराचसा काळ मधल्या भागात घालवतो. हे सगळे होत असेल तर तो आपणहून मात्रा घेत आहे असे समजावे.

दिवसाची लांबी, पाणी आणि वीज

यूव्हीबी आणि उजेडाचे दिवे रोज १२ तास सुरू असावेत आणि ते टायमरवर लावावेत, माणसाच्या आठवणीवर सोडू नयेत. उष्णतेचा दिवा सकाळी काही तास पुरेसा होतो. रात्री पूर्ण काळोख हवा. लाल किंवा निळे 'रात्रीचे दिवे' शॅमेलिऑनची झोप मोडतात आणि त्यांची गरज नसते.

शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यात दिवसातून अनेकदा पाणी फवारले जाते, आणि त्याच पिंजऱ्याच्या डोक्यावर विजेची उपकरणे असतात. फवाऱ्याची तोंडे खाली झाडांकडे वळवावीत, तापलेल्या हॅलोजनवर थंड पाण्याचे थेंब पडून तो फुटू नये याची काळजी घ्यावी, वायर बोर्डकडे जाण्याआधी खाली लोंबती ठेवावी म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही, आणि पिंजऱ्याचा पुरवठा गळती-संरक्षक ब्रेकरमधून घ्यावा. ट्यूब काढताना-घालताना प्लग काढलेला असावा. पेटलेल्या ट्यूबकडे जवळून टक लावून पाहू नये आणि ती माणसांच्या बसण्याच्या जागेच्या डोळ्यांच्या पातळीवर उघडी राहणार नाही असे पाहावे.

कॅल्शियमची पूड आणि प्रकाश यांचा मेळ

प्रकाशाची मांडणी योग्य असेल तर खाद्यकीटकांवर रोजच्या वापरासाठी ड-३ नसलेली साधी कॅल्शियमची पूड भुरभुरावी. ड-३ आणि अ जीवनसत्त्व असलेली पूड अनेक पाळणारे महिन्यातून दोनच वेळा वापरतात, कारण ही दोन्ही जीवनसत्त्वे शरीरात साठतात आणि त्यांचा अतिरेक यकृत, मूत्रपिंड आणि रक्तवाहिन्यांना इजा करतो. 'दिवा कमजोर आहे म्हणून पूड जास्त' हा तोडगा मला अजिबात पटत नाही. पुडीतून किती जीवनसत्त्व पोटात गेले हे कळत नाही आणि प्राण्यालाही ते थांबवता येत नाही, प्रकाशाच्या बाबतीत मात्र तो उठून सावलीत जाऊ शकतो. अंडी धरलेल्या माद्या आणि झपाट्याने वाढणारी पिल्ले यांना कॅल्शियम जास्त लागते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत प्रकाशातली हयगय सर्वांत आधी दिसून येते.

देखभाल

यूव्हीबी ट्यूबचा दिसणारा उजेड अनेक वर्षे टिकू शकतो, पण तिच्यातून निघणारे यूव्हीबी त्याआधीच घटत जाते. मीटर नसेल तर टी५ एचओ ट्यूब वर्षाने बदलावी आणि ती लावल्याची तारीख तिच्या धातूच्या टोपणावर लिहून ठेवावी. मीटर असेल तर दर एक-दोन महिन्यांनी पाठीच्या उंचीवर तोच आकडा घ्यावा. तो ३ वरून हळूहळू २ कडे सरकू लागला की आधी फांदी थोडी वर घेऊन वेळ निभावता येते, आणि तेही पुरेनासे झाले की ट्यूब बदलावी. नवी ट्यूब लावताना वर घेतलेली फांदी पुन्हा खाली न्यायला विसरू नये, कारण जुन्या ट्यूबच्या हिशेबाने जवळ आणलेली फांदी नव्या ट्यूबखाली फार तीव्र मात्रेत जाते.

महिन्यातून एकदा ट्यूब थंड झाल्यावर आणि प्लग काढून ती, तिचा रिफ्लेक्टर आणि तिच्याखालची जाळी किंचित ओल्या फडक्याने पुसावी. फवाऱ्याच्या पाण्यातले क्षार आणि धूळ जाळीच्या भोकांत साचत जातात, आणि ट्यूब शाबूत असूनही आकडा घसरतो. या ट्यूबमध्ये थोडा पारा असतो, म्हणून ती फुटल्यास प्राण्याला बाहेर न्यावे, खिडक्या उघडून हवा खेळू द्यावी आणि तुकडे हाताने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने न उचलता जाड कागदाने गोळा करावेत. जुनी ट्यूब घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्यावी.

प्राण्यावर काय दिसते

प्राणी दिवसा दिवे लागलेले असताना डोळे मिटून बसत असेल, तर ती नेहमीच धोक्याची खूण मानावी. नवा दिवा लावल्यावर एक-दोन दिवसांत डोळे सुजणे, मिटणे किंवा प्राण्याने वरच्या फांदीवर येणेच टाळणे असे झाले, तर मात्रा जास्त झाली असावी. दिवा लगेच बंद करावा आणि प्राण्याला दुसरीकडे हलवून मग मोजणी करावी. उलट, मात्रा कमी पडत असेल तर लक्षणे उशिरा आणि हळूहळू दिसतात. पकड सैल होते, चालताना पाय थरथरतात, पुढचे पाय कोपरापाशी धनुष्यासारखे वाकतात, जबडा मऊ लागतो किंवा नीट मिटत नाही, तुरा एका बाजूला झुकतो, आणि जीभ भक्ष्यापर्यंत पोहोचत नाही किंवा बाहेर आलेली परत ओढता येत नाही. यांपैकी एकही गोष्ट दिसली तर दिवा सुधारून वाट पाहत बसू नये, कारण तोवर हाडांतून बरेच कॅल्शियम निघून गेलेले असते आणि अशा प्राण्याला इंजेक्शन, तोंडावाटे कॅल्शियम किंवा मोडलेल्या हाडावर उपचार लागू शकतात. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे त्याला नेऊन एक्स-रे आणि रक्तातील कॅल्शियमची तपासणी करून घ्यावी. जाताना दिव्याचे नाव, ट्यूब लावल्याची तारीख, पाठीच्या उंचीवरचा आकडा आणि वापरत असलेल्या पुडींचे डबे सोबत न्यावेत, म्हणजे डॉक्टरांना प्रकाश, पूड आणि आहार यांपैकी कशात उणीव आहे हे त्याच भेटीत तपासता येईल.